दुसऱ्या भागातला नियम

एप्रिल आला की आमच्या घरातली कुणी ना कुणी मुलगी लातूरला असतेच. यंदा माझ्या भाचीची, आर्याची पाळी आहे. तिची बारावी झाली, नीटची परीक्षा तोंडावर आलीय, आणि मेसच्या वरणाला ती पिवळं पाणी म्हणते, म्हणून रविवारी मी नांदेडहून डबा घेऊन निघते. मांडीवर डबा, डोक्याला ओला रुमाल, आणि खिडकीतून येणारा वारा तापल्या तव्यावरून आल्यासारखा. वाटेत लोहा लागतं. तिथल्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबते, सगळे रस प्यायला उतरतात, आणि मी पुढच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकवून झोपेचं सोंग घेते. कारण त्या स्टँडच्या मागं द्वारका राहते. तिच्यासाठी एक वाक्य बोलायचं होतं, ते मी सतरा वर्षांपूर्वी बोलले नाही. दर खेपेला वाटतं, उतरावं. दर खेपेला कंडक्टर डबल बेल मारतो आणि माझी सुटका होते.

लातूर जवळ आलं हे मला पाट्यांच्या आधी नाकानं कळतं. डाळ मिलच्या बाजूनं तुरीच्या भुशाचा गरम, कोरडा वास येतो आणि घशाशी बसतो. मग मोठाले फलक लागतात, त्यांवर गुणवंत मुलांचे फोटो, सगळे सारखेच दचकलेले. डोळ्यांपर्यंत स्कार्फ बांधलेल्या मुली पाठीवर दप्तरांचं ओझं घेऊन रिक्षात दाटीवाटीनं बसलेल्या असतात. माझं वय त्या वळणावर सतराचं होतं आणि खोलीवर पोचेपर्यंत तेवढंच राहतं.

तर गेल्या रविवारी आर्या पलंगावर आडवी पडून मोबाइलवर काहीतरी बघत होती. पाच मिनिटं फक्त, असं मला बघताच म्हणाली. मी डबा उघडत होते, आणि मोबाइलमधून एक बासरीची धून आली. मेथीच्या भाजीचा चमचा माझ्या हातात तसाच राहिला. उंच टोप्या, वाऱ्यानं हलणारे झगे, हातात छड्या, आणि समोरासमोर उभे दोन जादूगार. ती जपानी मालिका. आम्ही तिला नुसतं 'छडी' म्हणायचो. आर्यानं मला विचारलं, मावशी, तुला काय माहीत यातलं? गणिताच्या शिक्षिकेला असं विचारू नये. मी तिच्या शेजारी बसले आणि पहिल्या भागातले लढाईचे नियम क्रमानं म्हणून दाखवले. पोरगी उठून बसली.

पहिल्या भागातले नियम कडक होते. प्रत्येक जादूगाराला सात मंत्र. एकदा वापरला तो त्या लढाईपुरता संपला. मंत्र टाकायच्या आधी त्याचं नाव मोठ्यानं सांगायचं, म्हणजे समोरच्याला सावरायला वेळ मिळेल. आणि ज्यानं छडी जमिनीवर ठेवली तो हरला. नुसता त्या दिवशी नाही, कायमचा. ती छडी तिथंच राहायची, तिच्यावर गवत उगवायचं, आणि तो माणूस पुढं कुठंतरी भात लावत, मासे वाळवत साध्या माणसासारखा जगायचा. लढाई संपली की एकदा तरी ते गवत दाखवायचेच. मला त्या गवताचं काही वाटायचं नाही. द्वारकाला वाटायचं.

द्वारका हदगावकडच्या एका खेड्यातली. घरी कापूस, सोयाबीन, आणि चार भावंडांत ही एकटी लातूरपर्यंत आलेली. आमची खोली एकच होती, लातूरच्या सिग्नल कॅम्प भागात, गच्चीलगत. खाली घरमालकीणबाई राहायच्या, आम्ही त्यांना काकू म्हणायचो. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, ते आलं की अभ्यास सोडून घागरी. दर रविवारी सकाळी क्लासची टेस्ट व्हायची आणि दुपारी काकूंच्या टीव्हीवर आम्हाला दोन तासांची माफी असायची. कोपऱ्यावरच्या दुकानातून सीडी आणायची, हिंदीत डब केलेली. जपानी जादूगार लखनवी हिंदीत एकमेकांना आव्हान द्यायचे आणि काकू तूर निवडत विचारायच्या, आता ह्यातला चांगला कोण? द्वारका त्यांना सांगायची, काकू, यात दोघं बी चांगलेच हायत, म्हणून तर लढाई लांबती.

त्या दुकानात पहिला भाग होता आणि तिसरा होता. दुसरा कायम 'बाहेर गेलेला' असायचा. कुणीतरी नेला होता आणि परत आणला नव्हता. आम्ही पूर्ण उन्हाळाभर विचारत राहिलो आणि दुकानदार पूर्ण उन्हाळाभर उद्या येईल म्हणत राहिला. शेवटी आम्ही तिसरा भाग तसाच बघितला आणि आमचं डोकंच फिरलं. इथं मंत्र हवे तितके. पण प्रत्येक मंत्रामागं अंगातलं काहीतरी जायचं. एका मंत्राला हातांची ऊब, दुसऱ्याला जिभेची चव. जिंकलेला जादूगार घरी येऊन जेवायला बसायचा आणि आईला म्हणायचा, छान झालंय, आणि आपल्याला माहीत असायचं की त्याला काही लागत नाहीये. आजही मला हा नियम सगळ्यांत खरा वाटतो. पण आमचा घोळ वेगळाच होता. पहिल्या भागात ज्यांनी छड्या खाली ठेवल्या होत्या, तीच माणसं तिसऱ्यात छडी घेऊन उभी होती. कशी, ते कुणी सांगत नव्हतं. लातूर सोडून सगळ्या जगाला ते ठाऊक असावं असा सगळा थाट.

मग आम्ही वही केली. लांब रजिस्टर, त्यात तीन रकाने. पहिल्या भागात मंत्र किती, तिसऱ्यात किती. पहिल्यात ढाल चालते का, तिसऱ्यात का चालत नाही. आणि या दोन्हींवरून मधल्या रकान्यात काय असणार. दोन टोकं माहीत असली की मधलं काढता येतं, हे आम्हाला क्लासनंच शिकवलं होतं. मी शहरातली, नांदेडच्या मास्तरांची मुलगी, शाईचं पेन माझ्याच हातात. मी सिद्ध केलं की तिसऱ्या भागातले लोक तेच नाहीत, तसेच दिसणारे त्यांचे धाकटे भाऊ असणार. आणि मधल्या रकान्यात ठसठशीत लिहिलं : ठेवली ती ठेवली. द्वारकाला पटलं नाही. एकदा हरला म्हणून माणूस गवतात गेला, असा नियम कुणी कशाला करंल, असं तिचं म्हणणं. तिनं माझ्या ओळीखाली पेन्सिलीनं बारीक लिहिलं, 'काहीतरी असंल.' मी ते खोडरबरानं पुसलं. पुरावा नसलेली गोष्ट वहीत नको, एवढंच माझं म्हणणं होतं.

एप्रिलात काकूंच्या कुरडया गच्चीवर पडायच्या. गव्हाच्या चिकाचा आंबूस वास, पांढऱ्या धोतरावर ओळीनं कुरडया, आणि कावळे हाकायला आम्ही दोघी. तिथंच आमच्या लढाया व्हायच्या. द्वारकानं गावाकडून पऱ्हाटीची एक काडी आणली होती, कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती, साल काढून गुळगुळीत केलेली. माझ्याकडं लाकडी फूटपट्टी. मंत्र म्हणजे रसायनातल्या अभिक्रिया. नाव मोठ्यानं सांगायचं आणि समोरचीनं पूर्ण समीकरण म्हणायचं. अडखळली की एक पाऊल मागं. आम्ही एकमेकींना दुश्मन म्हणायचो. "ये दुश्मन, चहा प्यायली का?" असं ती सकाळी उठल्या उठल्या म्हणायची. काकूंना ते आवडत नसे. दिवेलागणीला तरी तसं बोलू नये, असं त्या आम्हाला बजावायच्या, आणि द्वारका तेवढ्यापुरती मला 'जी दुश्मन' म्हणायची.

मला हे लिहिताना हसू येतं, आणि मग येईनासं होतं. कारण सोमवारी क्लासच्या भिंतीवर यादी लागायची आणि त्यात द्वारका माझ्या वर असायची. लई नाही, तीन-चार जागा. यादीवरून बॅच ठरायची आणि बॅचवरून बाकं. तिच्या पाठीकडं बघत मी दीड वर्ष बसले. तेलानं चप्प बसवलेली वेणी आणि मानेवर घामोळ्यांची पावडर. ती मागं वळून मला न समजलेलं गणित सांगायची. मी ते उतरवून घ्यायची आणि मनात म्हणायची, हिला कसं येतं?

आर्या आता बघते त्या नव्या भागात म्हणे प्रत्येक जादूगाराच्या डोक्यावर आकडा दिसतो. कुणाची ताकद किती, ते लढायच्या आधीच सगळ्यांना कळतं. तिला हे सोयीचं वाटतं. मी म्हटलं, मग लढायचं कशाला, यादी लावून मोकळे व्हा. ती म्हणाली, मावशी, लावतातच की. मी तिला भाजी वाढली.

त्या साली आम्हा दोघींचंही मेडिकल हुकलं. द्वारकाचं थोडक्यात, माझं त्याहून जरा जास्त. माझ्या बाबांनी रिपीटचं वर्ष आधीच ठरवून ठेवलं होतं, मला कुणी विचारलंसुद्धा नाही. द्वारकाचे आप्पा दुसऱ्या दिवशी सकाळी आले. पांढरं धोतर, हातात पिशवी, पिशवीत गवतात घातलेले गावरान आंबे. अर्धे काकूंना, अर्धे मला. उभ्या माणसानं खायचे ते आंबे नव्हेत म्हणून त्यांनी मला खाली बसवलं आणि स्वतः पिळून रस काढून दिला. द्वारका आत ट्रंक भरत होती. तिनं मला दाराआड बोलावलं आणि म्हणाली, "तू सांग ना आप्पाला, अजून एक साल म्हणून. तू मास्तराची हायस, तुझं ऐकतील ते. माझं ऐकून घेत न्हाईत."

माझे हात कोपरापर्यंत रसानं चिकटलेले होते. मी काय बोलले ते मला शब्दन् शब्द आठवतं. मी म्हणाले, "ठेवली ती ठेवली, द्वारके." वर हसलेसुद्धा, चेष्टा केल्यासारखं. ती हसली नाही. बाहेर आप्पा दहा मिनिटं बसून होते, मी त्यांच्या समोर बसून होते, आणि मी आंब्याचं कौतुक केलं. आता उगाच सोंग कशाला करू? मला हलकं वाटत होतं. सोमवारच्या यादीत माझ्या वर आता एक जण कमी असणार होती.

पऱ्हाटीची काडी ती खिडकीत विसरली. काकूंनी काही दिवसांनी ती चुलीत घातली, पाणी तापवायला. मी बघत होते, आणि तेव्हाही काही बोलले नाही. पुढं रिपीट करूनही माझं व्हायचं नव्हतंच. बीएस्सी, बीएड, नांदेडची शाळा, आणि फळ्यावर दोन टोकं देऊन मधलं काढायला लावणं. द्वारकाची लग्नपत्रिका आली होती. लोह्याच्या स्टँडमागं गिरणी, असा पत्ता. मी गेले नाही. माझी परीक्षा होती, म्हणजे असं मी कळवलं.

तर आर्यानं मला दुसरा भाग दाखवला. आता कुणी नेऊन ठेवत नाही, सगळे भाग मोबाइलमध्ये ओळीनं असतात. बाहेर ऊन रणरणत होतं, कूलरचं पाणी संपत आलं होतं, आणि मी चष्मा पुसून पुसून तो तळहाताएवढा पडदा बघत होते. शेवटच्या लढाईत हरलेला जादूगार गवतात गुडघ्यावर बसतो आणि आपली जुनी छडी उचलू बघतो. ती हलत नाही. दोन्ही हातांनी ओढतो, हलत नाही. मग ज्यानं त्याला पहिल्या भागात हरवलेलं असतं तो म्हातारा टेकडी उतरून येतो. लांबून येतो, त्याला वेळ लागतो. वाकतो, दोन बोटांनी ती छडी उचलतो, गवत झटकतो आणि याच्या हातात देतो. बस, एवढंच. आर्यानं पेपरात लिहावं तसं नीट समजावलं : खाली ठेवलेली छडी आपली आपण उचलता येत नाही, ज्याच्याशी लढलो त्यानंच उचलून द्यावी लागते. मी तिला तो प्रसंग पुन्हा लावायला सांगितला. तिसऱ्यांदा सांगितलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं आणि विचारलं, मावशी, काय झालं? मी म्हटलं, आमच्या वहीत चूक होती. मधला रकाना मीच भरलेला होता.

परतीच्या गाडीत मी झोपेचं सोंग घेतलं नाही. लोह्याला सगळ्यांच्या आधी उतरले, आणि गाडी माझ्याशिवाय नांदेडकडं गेली.

गिरणी विचारायला लागली नाही, आवाज येतच होता. दारात दळणाचे डबे रांगेनं लावलेले, प्रत्येकावर खडूनं नाव. द्वारका आत होती, डोक्याला फडकं, भुवया पिठानं पांढऱ्या. तिनं मला बघितलं, ओळखलं, आणि हातानं थांब म्हणाली. कुणाचंतरी ज्वारीचं दळण उतरत होतं, ते पूर्ण उतरू दिलं. मग तिनं बटण बंद केलं आणि त्या शांततेत माझ्या कानात नुसतं घूं होत राहिलं.

मी आधी नमस्कार-चमत्कार करायला हवे होते. मी म्हणाले, दुसरा भाग बघितला. तिनं विचारलं, काय हाय त्यात? मी सांगितलं. म्हातारा, टेकडी, गवत, सगळं. ती डब्याच्या कडेवरचं पीठ बोटानं आत सारत ऐकत होती. ऐकून झाल्यावर म्हणाली, "आप्पानं यष्टीत मला इचारलं होतं, तुझी मैतरीण काय म्हणती म्हणून. मी म्हणलं, ती काई बोलली न्हाई."

तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते मला फार लागलं. मी तिला खरं ते सांगितलं, की ती गेली तेव्हा मला बरं वाटलं होतं. "हाव," ती म्हणाली, "म्हाईत हाय मला. मला बी वाटलं असतं."

मग आम्ही उंबऱ्यावर बसलो. तिचं सगळं बरं चाललंय. नवरा बाजारला गेला होता, मुलगा सातवीत. बोलता बोलता तिनं बटणाच्या वरच्या फळीवरून एक प्लास्टिकची पिशवी काढून दाखवली. त्यात बारावीची गुणपत्रिका, दाखले. नांदेडला नर्सिंगचा कोर्स आहे, तीन वर्षांचा. यंदा गेली तर गेली, पुढच्या वर्षी वयात बसत नाही. नवरा तयार आहे. घरात सासरे, ज्यांना ती मामा म्हणते, तेवढे अडून बसलेत. त्यांचं एकच, की नांदेडात आपलं माणूस कोण आहे, सून राहणार कुणापाशी? चार दिवस घरात हेच चालू आहे. "मी बी आता सोडून देऊन राहिले," ती म्हणाली, आणि पिशवी समोरच्या डब्यावर ठेवून गिरणीचा पट्टा बघायला उठली.

तिनं मला काही मागितलं नाही. एकदा मागून झालं होतं.

त्या डब्यावर आधीच पीठ सांडलेलं होतं, पिशवीला ते लागलं. मी वाकले, पिशवी उचलली, पदरानं पुसली आणि तिच्या हातात दिली. तिनं पिशवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. तिच्या भुवयांवरचं पीठ डोळ्यांपाशी ओलं झालं होतं. मग ती पुढं झाली आणि मी तिच्या मागं, क्लासच्या बाकावर असायची तशी.

मामा आतल्या पडवीत बाजेवर बसले होते. त्यांनी माझ्याकडं निरखून बघितलं आणि सुनेला विचारलं, ह्या कोण म्हणायच्या?

"दुश्मन हाय माझी, मामा," द्वारका म्हणाली. "लातूरची."

मामांना काही कळेना. मी त्यांच्या पायाशी खाली बसले, आप्पांच्या समोर बसले होते तशीच, आणि म्हणाले, "मामा, माझं घर नांदेडात आहे. द्वारका माझ्यापाशी राहील."